अण्णांचं मशीन परत गेलं

बेलापूर, मंगळवार, ५ डिसेंबर १९९५

अण्णांचं कानाचं मशीन परत गेलं. पेपरातली जाहिरात पाहून दिल्लीहून व्ही.पी. पार्सलनं मागवलं होतं, दीड महिना वाट पाहिली. आज शाळेतून येताना पोस्टात विचारलं, तर पोस्टमन म्हणाला, "तीन येळा आलो, बाई. सायकलची घंटी लई वाजवली. मास्तर ओट्यावरच पेपर वाचत हुते, पण मान वर न्हाई केली. मला वाटलं, घ्यायचं नसंल. नकार लिहून धाडलं माघारी."

"अहो, जवळ जाऊन सांगायचं ना!"

"मास्तर वाचत असताना? चौथीत एकदा मधी बोल्लो हुतो. अजून हात चोळतोय."

त्याचा काय दोष? अण्णांना ऐकू येत नाही हे त्याला कुणी सांगितलं होतं? गावात कळलेलं त्यांना खपणार नाही, म्हणून मी शेजारच्या काकूंपाशीही कधी बोलले नाही. निदान पोस्टमनला तरी... पण नाही. लपवण्यात मीच हुशार. आणि ती घंटी! मला गल्लीच्या टोकावरून ऐकू येते.

घरी आले तर अण्णा ओट्यावरच. मशीन हा शब्द ते तोंडातून काढत नाहीत. नुसतं, "आलं का गं?"

मी नाही म्हणून मान हलवली. खरं सांगायचा धीरच झाला नाही.

"येईल," ते म्हणाले. "तू कशाला हेलपाटे घालतेस? मी दिवसभर इथंच असतो. घंटी वाजली की कळेलच मला."