सरळ चालणारा माणूस

१८ ऑगस्ट १९९७
पाटणच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, पोचलो. काम झकास. माधवनगरच्या गिरणीत रमलो नाही, तासगावात बेदाण्याच्या शेडवरून पळालो, इथं मात्र नुसतं हिंडायचा पगार. लष्करासाठी मनोऱ्यावर एक बंदूक बसवलीय. चालवायला माणूस नको. आपला कोण, शत्रू कोण, कॅमेऱ्यातून बघून तीच ठरवणार. सध्या रिकामी आहे. ती बनवणारे पुण्याचे सुमंत साहेब म्हणाले, तिच्यापुढं रोज फिर, म्हणजे ती शिकेल.

२२ ऑगस्ट
पहारेकरी कोंडीबा फौजेतून रिटायर झालेला. छाती काढून सुतात चालतो. मी खेकडा दिसला की बसतो, सोनकीचं फूल दिसलं की वाकतो. चालतोस का चरतोस रं गड्या, म्हणतो तो.

२७ ऑगस्ट
साहेबांना विचारलं, तिला कळलं काय? म्हणाले, सरळ चालतो तो कोंडीबा, आपला. थांबत, वाकत, रेंगाळत येतो तो शत्रू. म्हणजे तू. असा नमुना पुण्यात शोधून सापडला नसता. सगळे हसले, मीपण.

४ सप्टेंबर
गोळ्या भरल्या. गणपतीसाठी सगळे पुण्याला गेले. जीपमध्ये मला जागा नव्हती. पहाऱ्याला आता तीच, साहेब म्हणाले, तिला सुट्टी लागत नाही. मी खोलीतच थांबायचं, भाकरी कोंडीबा आणणार. बंद करायची किल्ली साहेबांच्या खिशात.

६ सप्टेंबर
कोंडीबाचा पाय शेवाळावरून घसरला. मुरगळला. तसाच लंगडत आला, दोनदा थांबला, गुडघा धरून वाकला—
तिनं ओळखलं नाही त्याला.
फोन लावला. साहेब म्हणाले, इथून काही करता येत नाही. निघतोच, पण घाटात दरड आहे. तोवर कुणाला वर बोलावू नकोस.

७ सप्टेंबर
जिता आहे. मांडीत लागलंय. हलत नाही म्हणून ती गप्प. यऊ नगंस, म्हणतो. मग पाणी मागतो. मग परत, यऊ नगंस.

दुपार
आवाज बारीक झालाय. मघाशी पाणीपण मागितलं नाही.
उंबऱ्याबाहेर छाती काढून चार पावलं टाकली. नळी वळली नाही. मागं वळताना जरा रेंगाळलो— वळली.

तांब्या भरलाय. उंबऱ्यात उभा राहून लिहितोय. लेफ्ट, राइट. खाली बघायचं नाही. थांबायचं नाही. वाटेत सोनकी दाट फुललीय, तिच्यातून आत्ता काहीतरी निळं उडालं. नाही बघायचं. लेफ्ट, राइट. कोंडीबा, आलो. लेफ्ट— काय होतं ते निळं