सोमवारचं नितळ पाणी

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे ठीक. आईचे गुडघे आता बरे आहेत. तुझा 'हिरवा कारखाना' हा लेख ती शेजारणीला वाचून दाखवते आणि "माझ्या दोघी लेकींचं काम" म्हणते. मी नुसती मान डोलावते.

माझं कारखान्यात बरं चाललंय. गेल्या वर्षी ओढ्यातल्या फेसाचे फोटो छापून आले, तेव्हापासून आमच्या प्रसिद्धी विभागाला भलताच मान आहे. कापड रंगवून उरलेलं पाणी शुद्ध करणारं यंत्र आलं, फाटकापाशी रोपं लागली. तू आलीस तेव्हा साहेबांनी तुला त्या यंत्रातलं पाणी पेल्यात धरून दाखवलं होतं. तू गेलीस आणि संध्याकाळी यंत्र बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "वीज काय फुकट येते? बघायला कोणी आलं की लावू."

मला वाटलं, तुलाही फसवलं. मग पुढच्याच रविवारी तुमच्या पेपरात आमची पानभर जाहिरात. तरी मनाची समजूत घातली, जाहिरातींचं खातं वेगळं असतं.

पण तू येणार हे साहेबांना माझ्याआधी कसं कळलं होतं?

गेल्या आठवड्यात मी फोनवर सहज बोलून गेले ना, की सोमवारी टीव्हीवाले न कळवता येणार आहेत? तू म्हणालीस, "येऊ देत की, तुला काय त्रास?" ताई, कोणीच येणार नव्हतं. ती थाप मी फक्त तुला मारली होती.

सोमवारी सकाळपासून यंत्र घरघरत होतं. वॉचमनना नवे कपडे. साहेब दिवसभर फाटकाकडे डोळे लावून. ओढा इतका नितळ की तळाचे खडे दिसत होते. काठावर उभं राहून मला रडू आलं.

मंगळवारी पुन्हा लाल पाणी. खालच्या वस्तीतल्या पोरांच्या पायांवर चट्टे आहेत, ते याच पाण्यात उतरतात. मग मी खरंच टीव्हीवाल्यांना बोलावलं. ते चित्रण करून गेले. हे पत्र पोचेल तोवर बातमी लागलेली असेल, म्हणून फोन केला नाही. बातमीत माझा चेहरा आहे. नोकरी राहणार नाही, हे आईला आज सांगेन.

त्यांनी विचारलं, "कौतुक छापणारी ती बातमीदार तुमची कोण?"

मी म्हटलं, सख्खी बहीण. बाकीचं तिला विचारा.

तुझी,
धाकटी