अक्षर तुझं, सही ह्यांची

दि. १४ मार्च, शुक्रवार

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तू आणि तुझ्या दोघी मुली बऱ्या असाल असं धरून चालते. तीन पत्रांना उत्तर नाही, तेव्हा धरून चालण्याखेरीज इलाज नाही.

चार वर्षांपूर्वी तू तो फॉर्म घेऊन आलास, त्या सकाळी मी पडदे भिजत घातले होते, दूध तापवून झालं होतं, आणि दुकानात जमिनीवरून लोहचुंबक फिरवत होते. दोरीला बांधलेला तो चुंबक तुला आठवत असेल. सोफ्याला कापड ठोकताना बारीक खिळे चहूकडे उडायचे, ते रोज सकाळी मी असे वेचायची, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पायात जायचे. हे एका जुन्या खुर्चीचं पोट फाडून बसले होते. तू नऊच्या सुमारास आलास. गळ्यात टाय, काखेत बँकेची फाईल.

हे म्हणाले, "या साहेब, बसा. सगळ्या खुर्च्यांना चार पाय नाहीत, तेवढं बघून बसा."

तू हसलास. मोठ्या शिलाई मशीनच्या कर्जाचे कागद काढलेस आणि त्यांच्याखालून विम्याचा फॉर्म. "भाऊजी, हा घ्यावाच लागतो. आजारी पडलात, हात चालेना झाला, तर हप्ते विमा कंपनी भरेल. तुमच्या जिवाला घोर नाही." फॉर्म तू भरूनच आणला होतास. फक्त सही राहिली होती.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात तशी रीतच होती. कागद कुठलाही असो, आधी मी वाचायची, मग हे सही करायचे. सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही, हे तुला कोणी सांगायला नको. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही येतं ते तुझा अभ्यास घेता घेता, तुझ्या पुस्तकांतून आलं.

मी हात पुढे केला नाही. तू पहिल्यांदाच साहेब होऊन घरी आला होतास. तुझ्यासमोर फॉर्म वाचत बसले असते तर तुझ्यावर विश्वास नाही असं दिसलं असतं. मी म्हटलं, "करा सही. घरचाच माणूस आहे."

एवढं लिहून उठले. नळ नीट बंद केलाय का बघून आले. बंदच होता. हल्ली बसलं की उठावंसं वाटतं आणि उठलं की काय करायला उठले ते आठवत नाही.

इकडची खबर म्हणजे, दुकान एका सायकल दुरुस्तीवाल्याला भाड्याने दिलं. माणूस सज्जन आहे, शिट्टी फार वाजवतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. वाचनालयातल्या बाई म्हणतात, तुम्ही कपाट संपवलंत, आता दुसऱ्या शाखेत जा. जाईन.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आम्ही विमा कंपनीकडे अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं, की स्वतःचा धंदा असणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही. ते फक्त नोकरदारांना आहे. सोबत फॉर्मची प्रत होती. त्यात 'नोकरदार' या चौकटीत खूण होती आणि मालक म्हणून आपल्याच दुकानाचं नाव. अक्षर तुझं, सही ह्यांची. ते अक्षर मी वळणावर आणलेलं आहे रे, मला अंधारातसुद्धा ओळखू येईल.

ते वाचून हे हसले. म्हणाले, "तरीच. मी म्हणतोय, हा मालक पगार का देत नाही."

हे गेल्यावर मी पैसे परत मागायला निघाले. विम्यासाठी भरलेले पैसे आणि ह्यांनी आजारपणात भरलेले कर्जाचे हप्ते. विमा कंपनी म्हणाली, फॉर्ममध्ये जे आलं त्यावर आम्ही विमा दिला. खोटी माहिती भरली असेल तर विकणाऱ्याला विचारा. बँकेत गेले. बँकेतला साहेब म्हणाला, "काकू, विमा आम्ही विकत नाही. आमच्या इथे एका एजन्सीची माणसं बसायची, त्यांनी विकला. आणि सही तर तुमच्या मिस्टरांचीच आहे ना?"

"सही त्यांचीच आहे," मी म्हटलं. "बाकीचं अक्षर कोणाचं, ते विचारा की."

त्याने विचारलं नाही.

एजन्सी दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत विलीन झाली आहे. तिथली मुलगी फोनवर गोड बोलली. जुने कागद आमच्याकडे नाहीत, आमची माणसं बँकेच्या सांगण्यावरून काम करायची, तेव्हा जबाबदार बँकच. असा तिघांनी माझा चेंडू केला. तुला पहिलं पत्र मी तेव्हाच लिहिलं.

परवा, बुधवारी, तक्रार निवारणाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकून बाईंनी सगळे कागद वाचले. अगदी सगळे, मला ती बाई आवडली. म्हणाल्या, "मावशी, तुमची बाजू पक्की आहे. पण अर्जातला सातवा रकाना कोरा का? विकणाऱ्याचं नाव घाला. तो बँकेच्या हुकमावरून विकत होता की एजन्सीच्या, हे त्याला बोलावून विचारल्याशिवाय कोण जबाबदार ते ठरत नाही."

मी म्हटलं, "नाव आठवत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "चार वर्षांपूर्वीच्या पावतीचा नंबर तुम्ही मला आत्ता तोंडपाठ सांगितलात."

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "बँकेचं शेवटचं उत्तर येऊन उद्या वर्ष होतं. उद्यानंतर मलाही हा घेता येणार नाही. घरी जा, आठवून बघा."

घरी आले. पडदे काढून धुतले, ते स्वच्छ होते तरी. मग बसले आणि जे कोणालाच सांगितलं नाही ते स्वतःला सांगितलं. तुलाही सांगते.

नकाराचं पत्र आलं त्या दिवशीच मी तक्रार करू शकले असते. हे म्हणाले, "राहू दे. मेव्हण्याची नोकरी जाईल. दोन मुली आहेत त्याला. मी भरतो हप्ते." आणि मला बरं वाटलं. नवरा आजारी, आणि भाऊ वाचला म्हणून मला बरं वाटलं. मी वाद घालायला हवा होता. एकदाही घातला नाही.

मग सात महिने ह्यांनी काम केलं. हात थांबेना, म्हणून खिळा हे पकडीने धरायचे आणि हातोडी मी मारायची. दोनदा त्यांच्या बोटावर बसली. ओरडले नाहीत. "तू सोफ्यापेक्षा मलाच पक्कं ठोकतेस," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. त्या विश्रांतीचेच पैसे आम्ही आधी भरले होते, धाकट्या. शेवटचा हप्ता गेला, त्यानंतर सतरा दिवसांनी हे गेले.

तू आलास, दारापाशी उभा राहिलास, माझ्याकडे न बघता परत गेलास. तेव्हाच मी समजले, की तुलाही ठाऊक आहे.

तू मुद्दाम ह्यांना बुडवलंस असं मी धरत नाही. "विम्याशिवाय कर्ज सोडायचं नाही" असं तुला वरून सांगितलं असणार, आणि नोकरदार लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसणार. तसं असेल तर तसं सांग. तू बोललास तर बँकेला अंग काढून घेता येणार नाही. गप्प राहिलास तर सगळं तुझ्या एकट्याच्या गळ्यात पडेल, कारण कागदावर अक्षर तुझं आहे. कदाचित बोलूनही नोकरी जाईल. ते मी नाकारत नाही. इतके दिवस त्याच भीतीने नाव गाळत आले. पण तुझं नाव गाळायचं तर लबाडी ह्यांची ठरते. कागद तेच सांगतो, की सही करणाऱ्याने खोटं लिहिलं. ह्यांनी आयुष्यात कोणाच्या खुर्चीत जुना काथ्या नवा म्हणून भरला नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, साडेदहाला मी कचेरीत गेले. सातव्या रकान्यात तुझं पूर्ण नाव लिहिलं. आठव्यात विकणाऱ्याचं अर्जदाराशी काही नातं असल्यास विचारलं होतं. तिथे 'सख्खा धाकटा भाऊ' असं लिहिलं. खाली सही केली, पावती घेतली आणि चालत घरी आले.

तुझीच,
ताई