मोडलेलं काही नाही

४ जून, मंगळवार

आज मोजली. दिवसभरात बोललेली वाक्यं — तीन! "श्वास आत घ्या. धरून ठेवा. सोडा." बत्तीस माणसं आली एक्स-रेला, बत्तिसांनाही हेच. एक काका जाताना "थँक्यू" म्हणाले, तर मला दारापर्यंत धावत जाऊन विचारावंसं वाटलं — काका, घरी कोण कोण असतं तुमच्या? इतकी वेळ आलीय माझ्यावर.

सात आठवडे झाले. तिकडच्या हॉस्पिटलातला आमचा विभाग बंद केला आणि मला देशाच्या या टोकाला धाडलं. "तिथं जा, नाहीतर घरी बसा." आले. दोन दिवस प्रवास करून आले. तिकडं आमच्या मजल्यावर दारं लावायची पद्धतच नव्हती. शेजारच्या काकू सरळ स्वयंपाकघरात येऊन डब्यातली साखर न्यायच्या, वर "कमीच ठेवता गं तुम्ही!" म्हणून ऐकवायच्या. किती राग यायचा मला! आता समोरच्या दाराची कडी वाजली तरी मी हातातलं काम टाकून कान देते.

परत जायचं. बदलीचा अर्ज टाकलाय. हो म्हणोत म्हणजे झालं.

९ जून, रविवार

समोरच्या दारातल्या बाईंकडे बघून हसले. दार लागलं.

१५ जून, शनिवार

आईचं शिलाईचं हातमशीन अडकलं. निघताना दादा म्हणाला होता, "एवढं धूड कशाला नेतेस?" आईनं मात्र स्वतः जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. पडद्यांना टीप मारायला बसले आणि चाक जागचं हलेना. दुकानदार म्हणाला, इतकं जुनं आम्ही हातात घेत नाही, शाळेमागच्या हॉलमध्ये जा, दर शनिवारी काही मंडळी बसतात तिथं, फुकट करून देतात.

गेले. लांबच लांब टेबलं, त्यावर पंखे, घड्याळं, तीन पायांची खुर्ची. दारात एक ठेंगण्या बाई वही घेऊन. शाळेच्या हेडबाई होत्या म्हणे, रिटायर झाल्या तरी सगळे हेडबाईच म्हणतात. मी मशीन ठेवून वळले तर केवढ्यांदा ओरडल्या! "अहो, निघालात कुठं? वस्तू टाकून जायचं नाही इथं. जिची वस्तू तिनं शेजारी बसायचं आणि हात लावायचा. हे काय दुकान आहे?"

बसले मुकाट. माझ्या वाट्याला घड्याळवाले आजोबा आले. चाळीस वर्षं घड्याळं केलेला माणूस, चष्म्यावर आणखी एक भिंग. "ब्रश धर. तिथं नाही, इथं. डोळे आहेत ना?" चार तास नुसता ओरडा खाल्ला. शटलमध्ये जुना दोरा गुंतून बसला होता, तो सुईनं एकेक धागा करून काढला. इथं आल्यापासून इतक्या हक्कानं कुणी माझ्यावर खेकसलं नव्हतं. किती बरं वाटलं! वेडीच आहे मी.

काम अर्धंच झालं. पुढच्या शनिवारी ये म्हणाले.

२२ जून, शनिवार

मशीन सुरू झालं. वस्तू सुरू झाली की सगळा हॉल टाळ्या वाजवतो, तशा वाजवल्या. चाक फिरलं आणि तोच आवाज — दुपारी आई शिवायला बसली की भिंतीपलीकडून यायचा तो. डोळे भरून आले. आजोबा म्हणाले, "तेल उडालं वाटतं डोळ्यात." मी म्हटलं, हो.

हेडबाईंनी वहीत माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली. झालं. आता पुढच्या शनिवारी काय सांगून जायचं?

२९ जून, शनिवार

हॉलवरून दोनदा गेले. रिकाम्या हातानं आत शिरायचं कसं? आतून हसण्याचा आवाज येत होता. घरी येऊन आईला फोन लावला. काय चाललंय? "काही नाही गं, आम्ही सगळे चहा घेतोय." आम्ही सगळे! फोन ठेवून रडले. लपवते कशाला, ही वही कोण वाचणार आहे?

५ जुलै, शुक्रवार

केलं. टेबलावरचा दिवा उलटा केला, भाजीच्या सुरीनं तळाचे दोन्ही स्क्रू काढले आणि आतली वायर ओढून मोकळी केली. चांगला लखलखीत जळणारा दिवा! त्रेचाळीस वर्षांची बाई मी, आणि चोरी केल्यासारखा आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

६ जुलै, शनिवार

आजोबांनी तळ बघितला. भिंग लावलं. स्क्रूच्या खाचेवरून नख फिरवलं.

"वायर निघालीय."

"आपोआप निघाली," मी.

"निघते कधी कधी."

बस्स, एवढंच. मग दुपारभर गप्पा. त्यांची बायको भारी भांडखोर होती म्हणे. "आता भांडायला कुणी नाही, तर घरात जेवण गोड लागत नाही." मीही सुटले — आमचा मजला, उघडी दारं, काकूंची साखर, सगळं ओकले. हेडबाईंनी चहा आणून दिला. साखर कमी, न सांगता! पहिल्या शनिवारी एकदाच बोलले होते, लक्षात ठेवलं त्यांनी.

१३ जुलै, शनिवार

भिंतीवरचं घड्याळ नेलं. सेलमागची पत्री मीच वाकवली होती. आजोबा वायरींना अजून हात लावू देत नाहीत, पण एका बाईंच्या टॉर्चचं झाकण मी एकटीनं बसवलं. टाळ्या!

२० जुलै, शनिवार

आज पंखा. (घरात मोडण्यासारखं आता पंखा आणि मिक्सर, दोनच उरलेत.) आजोबांनी जोडून दिला. निघताना वर्तमानपत्राची एक पुरचुंडी हातात ठेवली. आत छोटा स्क्रूड्रायव्हर, मूठ झिजलेली.

"सुरीनं स्क्रू काढू नये," म्हणाले. "खाच पसरते. पुढच्या वेळी हा घे."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं! म्हणजे पहिल्या दिव्यापासून ठाऊक होतं यांना. सगळ्यांनाच ठाऊक असणार. हसत असतील माझ्यावर. पुन्हा त्या हॉलचं तोंड बघणार नाही.

२२ जुलै, सोमवार

बदली मंजूर!! तिकडं नवा विभाग सुरू होतोय. पाच ऑगस्ट, सोमवारपर्यंत संमतीपत्र द्यायचं. नाही दिलं तर दोन वर्षं पुन्हा अर्ज नाही. साहेब म्हणाले, "नशीबवान आहात."

आहेच मुळी. आता नाचावं की नाही? चहा केला, पिऊन बसले.

२७ जुलै, शनिवार

गेले नाही. दुपारी आईचा फोन. मी उचलला आणि तेवढ्यात इकडं कुकरची शिट्टी झाली.

"अगं, आज शनिवार ना? मग तू घरात कशी?"

मी म्हटलं, डोकं दुखतंय. बदलीचं सांगायचं ओठांवर आलं होतं, सांगितलंच नाही. आईच्या सुद्धा लक्षात आहे की शनिवारी मी घरात नसते.

३० जुलै, मंगळवार

दुपारी एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बघते तर हेडबाई! आत घेतलं, डॉक्टरांचा कागद मागितला.

"कागद नाही."

"मग काय मोडलंय?"

"मोडलेलं काही नाही. तू तरी काय मोडलेलं आणत होतीस?"

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असेल. बाई स्टुलावर ऐसपैस बसल्या. म्हणाल्या, रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात त्या इस्त्री घेऊन गेल्या होत्या. चांगली होती. आदल्या दिवशी चार वेळा फरशीवर आपटली. "मेली फुटेचना! शेवटी जिन्यावरून सोडली. आजोबांनी बघितली आणि विचारलं, किती मजले?" आणि हसायला लागल्या, मग मीही. बाहेरचा पेशंट डोकावून गेला. जाताना म्हणाल्या, "म्हातारा सारखा दाराकडं बघत होता शनिवारी. तू रागावलीस असं वाटतंय त्याला."

बदलीचं त्यांनाही सांगितलं नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

सही केली संमतीपत्रावर. काय बाई हे, किती दिवस घोळत बसायचं! तिकडं आई आहे, दादा-वहिनी आहेत, माझी माणसं आहेत. इथं कोण? पाच शनिवारांची ओळख. शनिवारी जाऊन स्क्रूड्रायव्हर परत करायचा, पाया पडायचं, सोमवारी कागद द्यायचा.

मशीन परत चादरीत गुंडाळलं. मग सोडलं. पडद्याची एक टीप राहिली होती, ती घातली.

३ ऑगस्ट, शनिवार

आजोबा अजून यायचे होते. हेडबाई म्हणाल्या, "तोवर तू बस तिथं, ती बाई केव्हाची ताटकळलीय." तिशीतली, नवीन. विजेची किटली घेऊन आलेली. तळ उलटा केला. तिन्ही स्क्रूंच्या खाचा पसरलेल्या, ताज्या. आत वायर निघालेली. तुटलेली नाही, काढलेली. ती माझ्याकडे बघेना.

"आपोआप निघाली," म्हणाली.

"निघते कधी कधी. कधी आलात या गावात?"

"तीन आठवडे झाले."

पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. म्हटलं, "बसा. हात लावायचा बरं का. आणि मोठं काम आहे हे, तीन शनिवार तरी लागतील."

संमतीपत्र पर्समध्ये तसंच आहे. सोमवार शेवटचा दिवस. आणि मी तिला सांगून बसलेय — तीन शनिवार!