गोळी आणि दुधाचा पेला

४ मार्च, मंगळवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

ह्याच मिनिटाला शुश्रूषागृहात नर्सने ह्यांना कंपवाताची गोळी दिली – दुधाबरोबर! रोज नऊला जाते, आज बस लवकर मिळाली म्हणून दिसलं तरी.

कालच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "गोळी रिकाम्या पोटीच देतात ना?" मी ताठ मानेने म्हणाले, "अर्थातच." त्यांनी समजावलं ते असं: गोळीतला लेव्होडोपा हा अमिनो आम्लाचाच भाऊबंद. मेंदूत पोचला की त्याचं डोपामिन होतं, आणि हातपाय हलतात. पण दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही त्याच दाराने आत शिरतात. दारात चेंगराचेंगरी, आणि औषध बाहेर ताटकळत!

५ मार्च

इथे आल्यापासून सात महिने हे नऊ वाजता भिंतीसारखे बसलेले असतात. बोट धरलं तरी दाबत नाहीत. मला वाटलं, आता हे असंच.

पूर्वी मी शाळेतून आले की हे विचारायचे, "काय हेडबाई, आज कुणाला झोडलंत?" तेवढं एक वाक्य हवंय. बाकी काही मागत नाही.

६ मार्च

मेट्रनच्या टेबलावर तक्रार ठेवली. "अहो बाई, बसा तरी!" – "बसायला आलेले नाही. दूध देण्याची अक्कल कुणाची, ते उद्या पाचच्या आत लेखी कळवा."

७ मार्च, शुक्रवार

साडेचारला उत्तर मिळालं. मेट्रनने ह्यांची फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. पहिल्याच पानावर चिठ्ठी – 'रिकाम्या पोटी ह्यांना मळमळतं. गोळी दुधाबरोबरच द्यावी. दूध हे पूर्णान्न आहे.' खाली दोन रेघा. तारीख ह्यांना इथे दाखल केलं त्या दिवसाची. अक्षर मोत्यासारखं, वळणदार. माझं.

चाळीस वर्षं हेच फळ्यावर लिहिलं ना! इथे लिहिलेलं मात्र साफ विसरले.

मेट्रनने नुसतं पेन पुढे केलं. बोलायला हवं होतं! भांडता तरी आलं असतं. चिठ्ठी फाडली, नवी लिहिली – गोळी साडेसातला, पाण्याबरोबर. दूध नऊनंतर.

८ मार्च

गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

९ मार्च, रविवार

मेट्रनने माणसाबरोबर पाकीट पाठवलं. आत ह्यांचा कागद. कंपवाताने मुंगीएवढी झालेली अक्षरं, भिंग घेऊन वाचली –

'काय हेडबाई, काल कुणाला झोडत होतात? दूध मला कधीच आवडलं नाही. तुझा हुकूम म्हणून प्यायलो. उद्या साडेआठला बागेपर्यंत चालायचं म्हणतो. येणार का? लेखी उत्तर हवं – आज पाचच्या आत.'