तुळशीपुढचं कमळ

कोल्हापूर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, संध्याकाळ

शालन आज हसली. दृष्टी गेल्यापासून हसणं विसरलीच होती बायको माझी. अंधांच्या केंद्रात यायलाही तयार नव्हती. "मला न्हाय जमायचं," एवढंच. देवीचं नाव घेऊन तिला रिक्षात बसवलं.

तिथं पाटीएवढं एक यंत्र आहे. मोबाइलवरच्या चित्राच्या रेघा त्यावर टाचण्यांच्या टोकांसारख्या वर येतात आणि बोटांना कळतात. तिथल्या बाईंनी घरचा एखादा फोटो मागितला. मी आज सकाळच्या रांगोळीचा दिला. शालननं रांगोळी सोडली, पण तुळशीपुढची जागा मोकळी कशी ठेवायची? म्हणून रोज मीच काढतो. तिला सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं असतं का? कोण जाणे.

तिची बोटं सावकाश फिरली, एका पाकळीवर अडली, परत फिरली.

"बाई, रांगोळी हाय न्हवं ही? कमळ हाय का कोबीचा गड्डा?"

"मी काढलंय," मी म्हणालो. "तुळशीपुढं."

तिचं बोट त्याच पाकळीवर. मला वाटलं, आता रडणार.

"रोज काढताय?"

"रोज."

"अवं, मग लक्ष्मी रोज माघारी गेली आसंल की!" आणि हसली. बाईही हसल्या.

परत येताना म्हणाली, "पुढच्या गुरुवारी यायचं. नवा फोटो आणा. ती पाकळी सुधारली का न्हाय, मला बघायचंय."

बघायचंय म्हणाली.

आत्ता याच पानाच्या मागं पाकळी गिरवून पाहिली. अजून कोबीच होतोय.