खंडेनवमीला पंपाची सुट्टी

मुलुंड पूर्व
दसऱ्याची दुपार

प्रिय कुंदा,

मुलुंडहून मनापासून नमस्कार (कमरेतून वाकायला डॉक्टरांनी बंदी केलीय, म्हणून मनापासूनच). तुझा गुडघा काय म्हणतो? बोरिवलीची हवा त्याला मानवली, की अजून जिना दिसला की रुसतो? इकडे मी बरी, हे बरे, आणि मासे आम्हा दोघांपेक्षा बरे. व्हॉट्सअॅप सोडून पत्र का, असं म्हणशील. यांच्या फोनात माशांचे फोटो मावेनात, म्हणून माझाही फोन त्यांनी घेतलाय. शिवाय समास आखून लिहायला बसले, की शाळेतल्या त्या खिडकीजवळच्या बाकावर तू शेजारीच आहेस आणि कोपर मारतेयस असं वाटतं. बरं वाटतं गं.

तर मासे. रिटायर झाल्यावर यांनी कुर्ल्याहून काचेची पाच फुटी टाकी आणली हे तुला ठाऊक आहे. पण त्यातला सगळ्यात मोठा मासा तू पाहिलेला नाहीस. खालचा ओठ पुढे, भुवया नसूनही चढवलेल्या, आणि समोरच्याने चूक कबूल करेपर्यंत नजर हलवायची नाही. मी पाहताक्षणी त्याला आपल्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट म्हटलं आणि आपोआप ओढणी सारखी केली. (हे म्हणतात तो नर आहे. असेना. सिस्टरसमोर असल्या गोष्टी बोलू नयेत.)

पाणी गाळायचं यंत्र हॉलमध्ये सारखं घुरघुरायचं, मला माझी मालिका ऐकू येईना. मी म्हटलं, ते धूड तरी बाहेर काढा. तेव्हा यांनी कुठल्याशा परदेशी व्हिडिओत पाहिलं, की तिकडे टाकीतलं घाण पाणी पाइपने तळघरात सोडतात, तिथे दुसऱ्या टाकीत ते गाळलं जातं आणि पंप ते दुसऱ्या पाइपने पुन्हा वर चढवतो. तिकडे तळघर ज्याचं त्याचं असतं. आपलं सोसायटीचं, आणि त्यात गाड्या. पण आम्ही तळमजल्यावर, बरोबर खाली आमची पार्किंगची जागा, आणि सेक्रेटरी कोण, तर तुझा धाकटा भाऊ. जयवंत म्हणाला, "करा नंदूभाऊ, पण खाली पाणी दिसलं तर पाइप कापीन." स्लॅबला भोक पडलं, दोन पाइप उतरले आणि हॉल शांत झाला. म्हणजे घुरघुर गेली आणि गुळण्यांचा आवाज सुरू झाला. येणारी प्रत्येक पाहुणी बाथरूमकडे बघून विचारायची, कोणाचा घसा बसलाय?

हेही चाललं असतं, पण खंडेनवमी आली. माझे सासरे गिरणीत होते. त्या दिवशी माग बंद, धुऊनपुसून झेंडूची माळ, नारळ. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला एक दिवस विसावा द्यायचाच, हे यांच्या रक्तात आहे. काल मी सुरी, कात्री, विळीला हळदकुंकू लावून मोकळी झाले. हे म्हणाले, मग पंपाने काय घोडं मारलंय? खाली गेले, पंप बंद केला, पाइपातून सोडवला, आंघोळ घातली, पाटावर बसवला. पाइपाच्या उघड्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला आणि हळदकुंकू न्यायला वर आले. तेवढ्यात कॅनडाहून गंधालीचा फोन. लेकीशी बोलताना यांना खाली तळघर आहे हेही आठवत नाही.

तळघरात शेजारच्याच जागेत जयवंत सोवळं नेसून नव्या गाडीच्या पूजेला बसला होता. तुझ्या भावजयीने, ऋताने, सकाळपासून खपून रांगोळी काढली होती. आणि बोळा सुटला. आमची अर्धी टाकी धो धो खाली. रांगोळी लिफ्टकडे निघाली, नारळ तिच्यामागे, आणि जयवंत उठायला गेला तो पाटावरून घसरून थेट पाण्यात. त्यात एक चिमुकला मासा पाइपातून उतरून त्याच्या पुढ्यात उड्या मारायला लागला. ऋताचे नऊ दिवसांचे उपास. तिची किंकाळी आम्हाला वर ऐकू आली : "अहो, मासा! आणि तोही नवमीला!"

हे धावले. इथवरचं जयवंतने सोडूनही दिलं असतं. पण यांनी त्याला ओलांडून आधी मासा उचलला, ओंजळीत धरला, "घाबरू नकोस हं, बाळा" म्हणत वर घेऊन आले. तुझ्या भावाला वॉचमनने उठवलं.

आता रविवारी सभा आहे. पाइप कापायचा आणि भोक बुजवायचं, एवढाच विषय. पाइप गेला की टाकी गेली, इतके मासे न गाळलेल्या पाण्यात जगत नाहीत. मला विचारशील तर बरंच होईल. हॉल मोकळा होईल, तिथे आरामखुर्ची टाकीन. सुटले म्हणायची. ओजसला आजीच्या मैत्रिणीकडून गालगुच्चा.

तुझी,
वनमाला

ता. क. : सुटले वगैरे काही खरं धरू नकोस. गंधाली गेल्यापासून हे चहा घेताना भिंतीकडे बघत बसायचे. आता सकाळी उठून काचेला नाक लावतात, एकेकाला झोप लागली का विचारतात, आणि मग मलाही विचारतात. (माझा नंबर शेवटचा, पण लागतो.) तेव्हा जयवंतला फोन कर. तू त्याची एकुलती बहीण. पाइप कापलास तर भाऊबीजेला ओवाळणार नाही, एवढंच म्हण. कुरकुरेल, पण ऐकेल.

ता. क. दुसरा : मी सांगितलं असं चुकूनही बोलू नकोस. टाकी घालवायला तुझी मदत मागतेय, असं यांना सांगितलंय. ते समोर रुसून बसलेत आणि चष्म्याशिवाय उलटं पत्र वाचायची खटपट करताहेत.

ता. क. तिसरा : शनिवारी जयवंत आणि ऋताला जेवायला बोलावलंय. उपास संपले, तेव्हा सुरमई करणार, जयवंतला आवडते तशी रव्यात घोळवून. तेवढा वेळ टाकीवर चादर टाकीन. टाकीतल्या मंडळींदेखत बरं दिसत नाही.